राइनेब्रिंगेन : दोन हजार पायऱ्यांचा डोंगर

नॉर्वेच्या उत्तरेला, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, लोफोटेन नावाची बेटांची रांग समुद्रात शिरली आहे. या रांगेच्या नैर्ऋत्य टोकाजवळ, मोस्केनेसओया बेटावर, राइने हे कोळ्यांचं गाव आहे. वस्ती तीनशेच्या आसपास. गावाच्या पाठीशी उभा असलेला राइनेब्रिंगेन समुद्रसपाटीपासून ४४८ मीटर उंच आहे. उंचीच्या हिशेबात त्याला कुणी विचारणार नाही. याच बेटावरचा हेर्मान्सडाल्स्टिंडेन १,०२९ मीटरचा आहे, आणि समोर फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांमधे शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या शाखेच्या, पाण्यातून थेट वर आलेला ओल्स्टिंडेन सुळका ६७५ मीटरचा. तरीही लोफोटेन म्हटलं की जे छायाचित्र डोळ्यांसमोर येतं, ज्यात निळ्याकाळ्या पाण्यात पसरलेली बेटं, त्यांना जोडणारे पूल, लाल घरं आणि मागे दातेरी शिखरं दिसतात, ते बहुतेक वेळा राइनेब्रिंगेनवरून काढलेलं असतं. मोठ्या शिखरांवरून हे दृश्य लांब पडतं, रस्त्यावरून सपाट दिसतं. हा ठेंगणा डोंगर बरोबर हव्या त्या उंचीवर, बरोबर गावाच्या डोक्यावर उभा आहे. त्याची सगळी कीर्ती त्या जागेमुळे आहे, आणि त्याची सगळी दुखणीही.

लोफोटेनचा खडक फार जुना आहे. या भागातले कठीण आग्नेय खडक सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वीचे, आणि काही पट्टिताश्म, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक, त्याहूनही जुने. डोंगरांचा आजचा आकार मात्र त्या मानाने अगदी अलीकडचा. हिमयुगांमध्ये हिमनद्यांनी दोन्ही बाजूंनी खडक कोरत नेला आणि मधे उरली ती अरुंद, धारदार धार. त्यामुळे इथे डोंगराला पायथा आणि माथा आहे, पण मधली सौम्य चढण जवळपास नाहीच. राइनेब्रिंगेनवर किलोमीटरभराच्या वाटेत चारशेहून अधिक मीटर उंची गाठावी लागते. खडकावर माती वीतभर असेल तर नशीब. खालच्या भागात बुटक्या बर्चची झाडी आणि नेचे, त्यावर गवत, आणि त्याहून वर सुटे दगड.

अशा उतारावर पाऊलवाट कशी मरते, हे या डोंगराने नीट दाखवून दिलं. पन्नास-शंभर माणसं गेली तर गवत तग धरतं. त्याच जागी हजारो बूट पडले की मुळं तुटतात. या अक्षांशावर झाडोरा वाढायला उन्हाळ्याचे जेमतेम तीन महिने मिळतात, त्यामुळे एका हंगामाची जखम पुढच्या हंगामात भरून येत नाही. मुळं गेली की पावसाचं पाणी वाटेलाच ओढा समजून उतरू लागतं आणि वाट खोल चरासारखी होते. चरात चिखल झाला की चालणारा बाजूच्या गवतावरून जातो. मग तेही गवत जातं. असं करत एका वाटेच्या चार वाटा होतात आणि सगळा उतार सोलून निघतो. माती वाहून गेल्यावर तिने धरून ठेवलेले दगड मोकळे होतात. राइनेब्रिंगेनवर खरा धोका हाच होता : वर चढणाऱ्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट खालच्या माणसाच्या अंगावर. अपघात झाले, घसरून पडणारे आणि जखमी होणारे वाढले, आणि एक काळ असा आला की स्थानिक प्रशासन लोकांना इथे जाऊ नका असंच सांगत होतं. छायाचित्रं मात्र फिरतच होती आणि लोक येतच होते.

डोंगर बंद करून टाकणं हा उपाय नॉर्वेत सहज करता येत नाही. १९५७ च्या कायद्याने मोकळ्या, न कसलेल्या जमिनीवर सर्वांना पायी फिरण्याचा हक्क दिलेला आहे, मग जमीन कुणाच्याही मालकीची असो. हा हक्क तिथल्या लोकांना श्वासाइतका गृहीत वाटतो. माणसं अडवता येत नाहीत म्हटल्यावर राहतो एकच मार्ग. त्यांचे पाय एका ठरलेल्या, न झिजणाऱ्या पट्टीवर आणायचे. म्हणजे दगडी पायऱ्या.

पायऱ्या बांधायला आले नेपाळचे शेर्पा. यामागचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पश्चिम नॉर्वेतल्या एका वाटा-बांधणाऱ्या व्यावसायिकाने, गाइर वेट्टी यांनी, एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागातले शेर्पा कामाला आणायला सुरुवात केली. त्या भागात डोंगरउतारावर दगडी वाटा, बांध आणि घरं बांधण्याची परंपरा जिवंत आहे. शिवाय दोन्ही देशांचे हंगाम एकमेकांत चपखल बसतात. नेपाळमध्ये गिर्यारोहणाचे दिवस वसंतात आणि शरदात. मधल्या पावसाळ्यात डोंगरावर काम नसतं, आणि नॉर्वेत डोंगरावर काम करता येण्याजोगे दिवस नेमके तेच. बेर्गनच्या उल्रिकेन डोंगरावरच्या १,३३३ पायऱ्या आणि ट्रोम्सोच्या डोंगरावरच्या बाराशेच्या आसपास पायऱ्या हेही शेर्पांचंच काम. राइनेब्रिंगेनवर २०१६ च्या सुमारास सुरुवात झाली आणि दरवर्षी उन्हाळ्यापुरतं काम चालत २०१९ पर्यंत जिना जवळपास वरपर्यंत पोचला. पायऱ्यांचा आकडा १,९७८ असा दिला जातो.

आता या पायरीकडे जरा जवळून बघू, कारण येणाऱ्यांपैकी बहुतेक जण ती तुडवतात पण बघत नाहीत. यात सिमेंट नाही. दगडावर दगड, नुसत्या वजनाने आणि घट्ट बसणीने उभा केलेला. कोकणातला गडगा रचणाऱ्या माणसाला हे तंत्र समजावून सांगावं लागणार नाही. फरक इतकाच की गडगा उभा राहतो आणि हा गडगा चढत जातो. बांधकाम खालून वर होतं. सर्वांत खालचा दगड मोठा आणि खोल पुरलेला, कारण वरच्या सगळ्या रांगेचा रेटा शेवटी त्याच्यावर येतो. पुढचा दगड आधीच्या दगडाच्या मागच्या कडेवर थोडा चढवून ठेवायचा, म्हणजे वरची पायरी खालचीला दाबून धरते. दगडाचा दिसणारा भाग कमी आणि उतारात शिरलेला भाग जास्त असावा लागतो. तसा नसेल तर कडेवर पाय पडल्याबरोबर दगड पुढे कलंडतो. वरचा पृष्ठभाग पुढच्या बाजूला किंचित उतरता, म्हणजे पाणी साचत नाही. साचलेलं पाणी म्हणजे शरदात शेवाळ आणि थंडीत बर्फाची काच.

दगड हेलिकॉप्टरने मोठ्या पिशव्यांतून वर आणतात. त्यानंतरचं काम हाताचं : पहार, घण, टाकी. शंभर-दोनशे किलोचा दगड चार माणसं पहारींनी सरकवत, फिरवत, त्याचं सपाट तोंड वर येईपर्यंत खेळवतात. जागी बसला की त्यावर उभं राहून चारही कोपऱ्यांवर वजन टाकून बघायचं. जरा जरी डुगडुगला तर काढून पुन्हा. पायरीमागच्या पोकळीत माती भरायची नाही, लहान दगड आणि चिपा ठोकून भरायच्या. याचं कारण थंडी. माती पाणी धरून ठेवते, पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि आतून दगडाला पुढे ढकलतं. एका हिवाळ्यात हे अनेकदा होतं, आणि काही वर्षांत पायरी सैल. चिपांमधून पाणी निघून जातं. ठरावीक अंतरावर जिन्याला आडव्या दगडी मोऱ्या असतात. वरून येणारं पाणी त्या पकडतात आणि बाजूच्या उतारावर सोडतात. एखादी मोरी पानांनी, मातीने बुजली तर पाणी पायऱ्यांवरूनच धावतं आणि पुढे दगडांच्या मागून वाट काढतं. जिना बिघडायला सुरुवात तिथून होते. जिना एकदा बांधला की झालं, असं नसतं. दर उन्हाळ्यात कुणीतरी मोऱ्या उपसाव्या लागतात.

चालणाऱ्याच्या दृष्टीने पायऱ्यांचं गणित असं. पायथ्याच्या रस्त्यापासून माथ्यापर्यंतचा उभा चढ सव्वाचारशे मीटरच्या आसपास. १,९७८ ने भागलं तर एका पायरीला सरासरी एकवीस-बावीस सेंटीमीटर येतात. घरातल्या नेहमीच्या जिन्याची पायरी पंधरा ते अठरा सेंटीमीटर असते. म्हणजे प्रत्येक पाऊल घरच्यापेक्षा दोन-तीन बोटं उंच, आणि पायऱ्या सारख्या नाहीत : एक बारा सेंटीमीटर, पुढची तीस. लय बसत नाही हेच दमवतं. सुरुवातीला दोन-दोन पायऱ्या उड्या मारत जाणारे पहिल्या तिनशेतच बसलेले सापडतात. सावकाश, पूर्ण तळवा टेकवून, बोलता येईल इतक्याच वेगाने चढलं तर नेहमी चालणाऱ्याला एक ते दीड तास लागतो. उतरायला जवळजवळ तेवढाच वेळ धरावा. वर थांबणं धरून तीन तास हाताशी ठेवले की घाई होत नाही.

सुरुवात कुठून करायची यातही लोक चुकतात. बेटांना जोडणारा ई-१० हा महामार्ग राइनेच्या जवळून पुढे ऑ नावाच्या गावापाशी संपतो. राइनेच्या दक्षिणेला या रस्त्यावर राम्सविका बोगदा आहे. बोगद्याच्या आत शिरायचं नाही. समुद्राच्या बाजूने जुना रस्ता बोगद्याला वळसा घालून जातो, तो आता चालणाऱ्यांसाठी आहे, आणि जिना या वळशावरून वर निघतो. तिथे गाडी लावायला जागा नाही. रस्त्याच्या कडेला गाडी टेकवली तर बस आणि रुग्णवाहिका अडते आणि दंडही होतो. गाडी राइने गावातल्या पैसे भरून वापरायच्या वाहनतळावर ठेवायची आणि रस्त्याकडेने चालत यायचं. स्वच्छतागृहही गावातच उरकून घ्यावं. वाटेवर ते नाही, आडोसाही नाही, आणि आडोशाला गेलेल्यांच्या खुणा पावसाने खाली कुठे येतात हे वेगळं सांगायला नको. वाटेत भरवशाचं पाणीही नाही, माणशी एक लिटर खालूनच न्यावं.

पहिल्या टप्प्यात बर्चची झाडी आहे. वारा लागत नाही, दमट उकडतं, आणि लोक जाकीट काढून कमरेला बांधतात किंवा, वाईट म्हणजे, गाडीतच ठेवून आलेले असतात. झाडी संपली की उतार उघडा होतो, जिना नागमोडी होत तीव्र चढू लागतो, आणि मागे वळलं की वेस्टफियॉर्डचं, म्हणजे लोफोटेन आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या समुद्राचं, मोकळं पाणी दिसतं. मधे मधे बसायला दगडी ओटे आहेत, थांबायचं तर तिथेच. अरुंद पायरीवर थांबलं की रांग तुंबते, आणि मागचे अधीर लोक जिना सोडून बाजूच्या गवतावर पाय टाकतात. हाच तो बूट, ज्याच्यासाठी एवढा जिना बांधला. बाजूला उतरू नये याला दुसरंही कारण आहे. जिन्याबाहेरचे दगड अजूनही सुटेच आहेत. एखादा निसटलाच तर मोठ्याने ओरडून खालच्यांना सावध करायचं, भाषा कुठलीही चालते.

माथ्याची खिंड अचानक येते. शेवटच्या पायरीपर्यंत समोर नुसता उतार असतो आणि एका पावलात पलीकडचं सगळं उघडतं : खाली राइने, पुलांनी जोडलेली साक्रिसोय आणि हामनोय, मागे ओल्स्टिंडेन आणि पाण्याच्या आत आत जाणाऱ्या चिंचोळ्या शाखा. त्याच क्षणी वाराही लागतो. खाली ज्याचा मागमूस नव्हता तो वारा धारेवर दाटून येतो, आणि घामाने ओलं अंग पाच मिनिटांत कुडकुडायला लागतं. पिशवीत एक कोरडा सदरा, वारा अडवणारं जाकीट आणि टोपी जुलैमध्येही हवीच.

पलीकडची बाजू कडा आहे. कठडा नाही, साखळी नाही. गवत कड्याच्या थोडं पुढे वाढलेलं असतं, त्यामुळे वरून जमीन वाटते तिथे खाली खडक असेलच असं नाही. छायाचित्रासाठी कडेला पाय सोडून बसण्याची जी टूम आहे तिच्याबद्दल बोलावं तितकं थोडं. दोन मीटर मागे बसूनही फियॉर्ड तेवढाच दिसतो. खिंडीपासून धार पुढे अरुंद होत जाते. तिथे उमटलेल्या पायवाटा बघून पुढे जायचा मोह होतो, पण जिना जिथे संपतो तिथे बांधलेली, राखलेली वाटही संपते. ओल्या गवतावर त्या धारेवर जाणं हे अनुभवी माणसाचं काम आहे.

खालचं गाव वरून चित्रातलं वाटतं, पण ते कामाचं गाव आहे. १७४३ पासून इथे व्यापारी ठाणं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या डिसेंबरात, ब्रिटिश नेतृत्वाखालच्या तुकड्या इथे उतरल्या आणि काही दिवसांत परतल्या. त्याची किंमत गावाने भरली, जर्मनांनी सूड म्हणून काही भाग जाळला. लाल घरं दिसतात ती मुळात हंगामी मच्छीमारांची वसतिस्थानं, अर्धी खडकावर आणि अर्धी खांबांवर पाण्यात, म्हणजे होडी थेट दाराशी लागावी. आज त्यांतल्या अनेकांत पर्यटक उतरतात.

हंगाम हिवाळ्यातला. जानेवारी ते एप्रिल बारेंट्स समुद्रातला कॉड मासा अंडी घालायला वेस्टफियॉर्डमध्ये येतो. मासा साफ करून, डोकं काढून, शेपटीला शेपटी बांधून जोड्या लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ लावत नाहीत. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे इथलं हिवाळी तापमान शून्याच्या आसपास घुटमळतं, आणि सगळी मेख त्यातच आहे. फार थंडी पडली तर मासा गोठून त्याचा पोत बिघडतो, फार ऊब आली तर सडतो आणि माश्या बसतात. मे-जूनपर्यंत वाऱ्यावर वाळून पाण्याचा बहुतेक अंश जातो आणि मासा लाकडासारखा टणक होतो. उत्तम प्रत इटलीला जाते, वाळवलेली डोकी नायजेरियाला, तिथे त्यांचा रस्सा होतो. जुलैत राइनेब्रिंगेनवरून बघणाऱ्याला खडकांवर तिरक्या लाकडांचे रिकामे सांगाडे दिसतात आणि ते काय आहे हे कळत नाही. गावाचं पोट ज्याच्यावर शतकानुशतकं चाललं ते दृश्य पर्यटक बघतच नाहीत, कारण ते तेव्हा घडतं जेव्हा जिन्यावर जाणं धोक्याचं असतं.

हिवाळ्याचं स्पष्टच सांगायला हवं. बर्फ पडला की पायऱ्या दिसेनाशा होतात आणि उरतो तो सरळ घसरता उतार. वारा बर्फ उडवून धारेआड साठवतो आणि उतारावर हिमकडा कोसळू शकतो. वर धारेवर बर्फाची पडवी कड्याबाहेर लोंबते, ती पायाखाली तुटते. नॉर्वेची जलसंपदा यंत्रणा ‘वार्सोम’ या संकेतस्थळावर रोजची हिमप्रपाताची सूचना देते, पण ती वाचून उतार जोखता येणं हे शिकावं लागतं. ज्याला येत नाही त्याने जूनची वाट बघावी. मे महिन्यातही फसगत होते : गावात हिरवळ फुटलेली असते आणि वरच्या तिसऱ्या हिश्शात कडक बर्फ शिल्लक असतो.

उन्हाळ्यातल्या हवामानासाठी ‘यूर’ हे तिथलं सरकारी हवामानस्थळ सगळे वापरतात, पण डोळेही वापरावेत. गावातून ओल्स्टिंडेनकडे बघायचं. त्याचं टोकच तेवढं ढगात असेल तर राइनेब्रिंगेनवरून दृश्य मिळण्याची शक्यता चांगली, कारण तो दोनशेहून अधिक मीटर खाली आहे. ढगाने सुळका मध्यावर कापला असेल तर वर गेल्यावर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसणार नाही. तास-दोन तास थांबावं, इथली हवा तेवढ्यात बदलते. पाऊस पडून गेल्यावर लगेच निघू नये. ओल्या दगडावर चढणं जमतं, उतरताना पाय सटकतात. गुळगुळीत तळव्याचे धावायचे बूट घालून आलेले लोक पायऱ्यांवर बसून बसून खाली येताना दिसतात.

उतरणं हा या डोंगराचा अवघड अर्धा भाग. चढताना छाती दमते, उतरताना मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला शरीराचं वजन तोलून धरतात आणि दीड हजार पायऱ्यांनंतर थरथरायला लागतात. पाय मुरगळतात ते या टप्प्यात. काठ्या असतील तर पाच-दहा सेंटीमीटर लांब कराव्यात. उंच पायरीवर पाऊल तिरकं टाकावं, म्हणजे गुडघा कमी वाकतो. कुणी वर येत असेल तर डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहावं, दरीच्या बाजूला कधीच नाही. काही झालंच तर ११३ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस. डोंगरातला शोध आणि सुटका पोलिसांच्या अखत्यारीत येते, आणि प्रत्यक्ष धावून येणाऱ्यांत बहुतेक जण स्वयंसेवक असतात, म्हणजे खालच्याच गावांतले लोक, आपलं काम टाकून आलेले. नॉर्वेच्या डोंगरसंहितेचा आठवा नियम वेळेत माघारी फिरण्याबद्दल आहे, आणि त्यात लाज नाही असं तो स्पष्ट म्हणतो. लहानपणापासून तिथल्या मुलांना तो पाठ असतो.

जिन्याने डोंगर वाचला का? उतार वाचला, हे मान्य करावं लागतं. जिन्याकडेच्या सोललेल्या जागी पुन्हा गवत धरू लागतं, आणि दगड अंगावर येण्याची भीती बरीच कमी झाली. पण सोपी झालेली वाट जास्त माणसं ओढते, आणि जी माणसं पूर्वी चिखल बघून परतली असती ती आता चपला घालून वर जातात. जेमतेम हजार वस्तीच्या नगरपालिकेला वाहनतळ, कचरा, शौचालयं आणि सुटका यांचा खर्च झेपवावा लागतो. डोंगरावर जिना नकोच असं म्हणणारे नॉर्वेत आहेत, आणि एकांतासाठी डोंगरात जाणाऱ्याची ती तक्रार रास्तही आहे. पण राइनेब्रिंगेनवर एकांत जिन्याच्या आधीच संपला होता. राहिला होता तो चिखल.

गर्दी टाळायची तर घड्याळ बाजूला ठेवावं. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे रात्री नऊला चढायला सुरुवात करण्यात काही वेडेपणा नाही. दिवसा अकरा ते चार जिन्यावर रांग असते, रात्री मोजकी माणसं. एवढं करूनही वाहनतळ भरलेला दिसला तर राइनेच्या धक्क्यावरून लहान बोट फियॉर्डच्या आत विन्स्टाडला जाते. तिथून अडीच-तीन किलोमीटर चालत, ठेंगणी खिंड ओलांडून, बेटाच्या पलीकडच्या बाजूचा बुनेस किनारा लागतो. परतीच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी, कारण विन्स्टाडला दुकान नाही आणि रस्ताही नाही.